गाडी डावीकडे ओढते

मोटार सरळ चालते ही गोष्ट आपण फारच गृहीत धरतो. चालत्या गाडीत बसून आपण भाजलेल्या शेंगा खातो, भेंड्या लावतो, नव्या सुनेच्या माहेरचा कुळाचार विचारून घेतो. पण ही चार चाके एकाच दिशेने कशी काय धावताहेत, हा प्रश्न कोणाला पडत नाही. तो पडतो ती तशी धावेनाशी झाली म्हणजे. आणि तेव्हाही बहुतेकांना तो चाकांबद्दल पडत नाही, चालवणाऱ्याबद्दल पडतो.

मी शाळेत चित्रकला शिकवते. शिक्षण म्हणाल तर जुन्या भाषेत मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. कादंबऱ्या लिहिते, पण त्यांतल्या एकीतही मोटार बिघडलेली नाही. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा तुम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारले तर एवढेच सांगेन, की वीस-बावीस वर्षे मी मुलांकडून सरळ रेघा काढून घेत आले आहे. पट्टी न लावता काढलेली रेघ कोठेतरी झुकतेच. पण एखाद्या पोराची रेघ दर वेळी एकाच अंगाला जाऊ लागली, तर मी त्याच्या हाताला नावे ठेवीत नाही. आधी त्याचा बाक बघते, मग कागद बघते. बहुधा कागदच तिरका ठेवलेला असतो.

आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पद्मिनी गाडी १९८८ सालची आहे. आजच्या मुलांना ही गाडी चित्रातच दाखवावी लागते. मूळची ही इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली आणि पुढे सत्तरीच्या दशकात तिचे बारसे होऊन ती चितोडच्या राणीच्या नावाने पद्मिनी झाली. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेशी, दारांचे आवाज तिजोरीच्या दारासारखे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून हिने किती माणसे वाहिली त्याला गणती नाही. ती टॅक्सीची नोकरी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. आमची मात्र अजून नोकरीत आहे.

अण्णा एस. टी.चे ड्रायव्हर होते. सातारा आगारात त्यांनी एकतीस वर्षे काढली, आणि त्यांतली बरीचशी महाबळेश्वरच्या बाजूला. एकदा वाईवरून पसरणीचा घाट, एकदा मेढ्यावरून केळघरचा घाट. विनाअपघात नोकरीबद्दल मिळालेला बिल्ला आमच्या ओसरीत, देवाच्या तसबिरींच्या रांगेतच, टांगलेला आहे. २००३ साली ते निवृत्त झाले, त्याच सुमारास गावातल्या एका डॉक्टरांची ही गाडी पंधरा वर्षांची झाली. पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडीला पुन्हा तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि मग दर पाच वर्षांनी तीच कसरत. डॉक्टरांना तो व्याप नको होता. अण्णांनी फंडाच्या पैशांतून गाडी घेतली. जन्मभर पन्नास माणसे मागे घेऊन हिंडलेल्या माणसाला आता फक्त आईला शेजारी बसवून वाईला मावशीकडे जायचे होते.

२०२२ च्या पावसाळ्यात ही गाडी डावीकडे ओढू लागली.

आता हे ओढणे म्हणजे काय, ते थोडे सांगितले पाहिजे. गाडीची पुढची चाके आपल्याला वाटतात तशी अगदी उभी आणि अगदी समांतर नसतात. मुद्दामच नसतात. वरून पाहिले तर ती पावले किंचित आत टाकून चालणाऱ्या माणसासारखी असतात. दोन-तीन मिलिमीटरच, पण असतात. मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी धावू लागली की पुढची चाके रस्त्याच्या घर्षणाने जराशी फाकतात, सांध्यांतली ढिलाई ताणली जाते, आणि मग ती समांतर होतात. याला टो-इन म्हणतात. समोरून पाहिले तर चाक वरच्या बाजूला किंचित आत किंवा बाहेर कललेले असते; तो कॅम्बर. आणि बाजूने पाहिले तर ज्या खुंट्याभोवती चाक वळते तो खुंटा थोडा मागे रेललेला असतो, तो कॅस्टर. यामुळे चाक आपल्या खुंट्याच्या मागोमाग फरपटत येते, जशी दवाखान्यातल्या ढकलगाडीची चाके येतात, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. या तिन्ही गोष्टींचे मिळून जे जुळवून घेणे, त्याला व्हील अलाइनमेंट म्हणतात. आमच्याकडचे मिस्त्री ‘अलायमेंट’ म्हणतात.

हे बिघडले म्हणजे टायर बोलू लागतो. टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवून बघावा. एका बाजूला जाताना गुळगुळीत आणि परत येताना किसणीवरून हात फिरवल्यासारखे लागले, तर चाके फार आत किंवा फार बाहेर बघताहेत. एकच कड झिजली असेल तर बहुधा चाक कललेले आहे. दोन्ही कडा झिजून मध्ये टेकाड राहिले असेल तर काहीच बिघडलेले नाही, हवा कमी आहे.

अण्णांना हे सगळे ठाऊक. त्यांनी गाडी हायवेवरच्या एका दुकानात नेली. तिथे संगणकाचे यंत्र होते. चाकांना डबे अडकवतात, पडद्यावर लाल-हिरवे आकडे उमटतात, मुलगा खाली जाऊन दोन नट फिरवतो आणि वर येऊन छापील कागद देतो. गाडी सरळ झाली. दहा-बारा दिवस चालली, आणि पुन्हा डावीकडे. अण्णा पुन्हा गेले. पुन्हा कागद, पुन्हा बारा दिवस. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी त्या मुलाने, वाईट हेतूने नव्हे, पण म्हटलेच, “आजोबा, गाडी बरोबर आहे. तुम्ही धरता कसं?”

हे वाक्य अण्णांनी घरी येऊन सांगितले नसते तर फार बरे झाले असते.

गणपतीत दादा पुण्याहून आला. तो, अण्णा आणि आई मावशीकडे निघाले. पाचवडच्या अलीकडे हायवेच्या कडेला एक ट्रक उभा होता. अण्णांनी वेग वाढवला, आणि गाडी त्या ट्रककडे सरकू लागली. दादाने हात घालून स्टिअरिंग ओढले. काही झाले नाही. आईला तर काय चालले आहे तेही कळले नाही. ती मागच्या आसनावर मोदकांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. पण घरी आल्यावर दादाने किल्ली आईच्या कपाटात ठेवली आणि म्हणाला, “आता पुरे. सत्त्याहत्तर झाली. हात राहिले नाहीत पहिल्यासारखे.”

अण्णा म्हणाले, “गाडी ओढतीया. रेस दिली की डावीकडं जाती. पाय काढला की येती जाग्यावर.”

“अण्णा, चार वेळा अलाइनमेंट झालं. मशीन खोटं सांगतं का?”

यावर अण्णांजवळ उत्तर नव्हते. ड्रायव्हरच्या शब्दापुढे यंत्राचा कागद ठेवला म्हणजे ड्रायव्हर गप्प बसतो. दादाचेही चुकले असे मी म्हणणार नाही. आपल्या आईला घेऊन गाडी उभ्या ट्रकवर चालली असताना पुढच्या सांध्यांचा विचार कोण करील? म्हाताऱ्या माणसाच्या हातून गाडी काढून घेणे हे पुष्कळ घरांत करावे लागते आणि ते करणाऱ्यालाही सुखाचे नसते. दादा त्या रात्री जेवला नाही.

अण्णांनी तक्रार केली नाही. रोज सकाळी ते पूर्वीसारखेच ओल्या फडक्याने गाडी पुसत. किल्ली नसल्यामुळे ती जागची हलत नव्हती, म्हणून मी संध्याकाळी शाळेतून परतताना त्यांच्याकडे डोकावले की म्हणत, “पोरी, जरा हात लाव.” मग आम्ही दोघे मिळून गाडी वीतभर पुढे ढकलायचो. एकाच जागी उभी राहिली की टायर बसतो, चपटा होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर. अंगण संपले की मागे. शेजारच्या काकूंनी आईला विचारले, की हे काही व्रत आहे का.

महिनाभराने विम्याचे कागद हवे होते म्हणून मी गाडीतला खण उघडला, त्यात अलाइनमेंटचे ते चार कागद निघाले. मी ते ओसरीवर ओळीने मांडले. आकड्यांचा अर्थ मला नीट कळत नव्हता, पण चार चित्रे शेजारी ठेवून त्यांतला फरक शोधणे हे तर माझे रोजचे काम. पुढच्या चाकांचे आकडे प्रत्येक कागदावर शेवटी हिरवे झालेले. मागच्या चाकांचे प्रत्येक वेळी लाल, आणि लालच सोडलेले. एका चाकाला अधिक, दुसऱ्याला उणे. विशेष म्हणजे चारही कागदांवर ते आकडे निरनिराळे. मी अण्णांना विचारले, “मागची चाकं वळतात का?”

“मागची कशी वळतील? एक आख्खा आस हाय तिकडं.”

“मग हे आकडे दर वेळी का बदलतात?”

अण्णांनी चष्मा लावला. कागद बराच वेळ बघितले. मग चष्मा काढून म्हणाले, “वस्तादाला बोलाव.”

वस्ताद म्हणजे एस. टी.च्या कार्यशाळेत अण्णांबरोबर असलेले मिस्त्री. आता कोरेगाव रस्त्याला चिंचेखाली त्यांचे छोटे गॅरेज आहे. एक खड्डा, एक पत्र्याची शेड आणि दोन पोरे. मी त्यांना काका म्हणते. ते येऊन गाडीकडे न बघता अण्णांसमोर बसले आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, “हां. काय म्हणती गाडी?”

त्या दोन महिन्यांत हा प्रश्न अण्णांना पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. अण्णांनी सांगितले: रेस दिली की डावीकडे, पाय काढला की सरळ, ब्रेक दाबला की किंचित उजवीकडे. काकांनी मान हलवली. त्यांचे निदान तिथेच झाले होते, हे मला मागाहून कळले. हात थरथरत असतील तर ते रेस आणि ब्रेक यांत फरक करीत नाहीत.

तरी त्यांनी तपासणी पहिल्यापासून केली. सातारच्या मिस्त्रीला घाई नसते. आईकडून किल्ली मागून घेऊन गाडी ते स्वतःच गॅरेजमध्ये घेऊन गेले. आधी चारही टायरांची हवा. मग पुढचे दोन टायर डावी-उजवी बदलून एक फेरी. दोष टायरचा असता तर गाडी आता उजवीकडे ओढली असती. ओढली डावीकडेच. मग फेरी मारून आल्याबरोबर पुढच्या दोन्ही चाकांपाशी तळवा नेऊन बघितला. एका बाजूचा ब्रेक घासत असता तर ते चाक तापले असते. दोन्ही सारखीच. रस्त्याच्या उताराचाही विचार केला. आपले रस्ते पावसाचे पाणी जाण्यासाठी कडेला उतरते असतात, आपण डावीकडून चालवतो, तेव्हा कोणतीही गाडी हात सोडल्यावर थोडी डावीकडे जाणारच. पण थोडी.

मग पुढचे चाक जॅकवर उचलून त्यांनी ते वर-खाली धरून हलवले. खट्‌ असा आवाज झाला. “बाई, ब्रेक दाबून धरा.” मी धरला. पुन्हा हलवले, पुन्हा खट्‌. ब्रेक दाबल्यावर आवाज थांबला असता तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. थांबला नाही, म्हणून किंग-पिनचा, म्हणजे चाक ज्या खुंट्यावर वळते त्याच्या बुशाचा. एवढी साधी युक्ती मी कोणत्याही पुस्तकात वाचली नसती. डाव्या चाकाच्या आतल्या हाताला रबरी बुश असतात, तेही फाटलेले निघाले. ते तर वर्षापूर्वीच एका गॅरेजमध्ये नवे घातले होते.

“नवे होते की हो!” मी म्हटले.

“नवे व्हते. पण लोंबत्या चाकावर आवळले.”

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा विस्ताराने सांगते. हे रबरी बुश फिरत नाहीत, पिळले जातात. चाक खड्ड्यात गेले की रबर एका बाजूला पिळते, उंचवट्यावर चढले की दुसऱ्या बाजूला, आणि गाडी सपाट उभी असताना ते निवांत असावे लागते. गाडी जॅकवर असताना चाके खाली लोंबतात. त्या स्थितीत बोल्ट आवळला तर रबराची निवांत जागा तीच ठरते. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. उभ्या गाडीतही त्याला विसावा नाही. असे रबर लवकर फाटते, आणि ते फाटले की जुळवलेली चाके पुन्हा हलतात. जुन्या गाडीची अलाइनमेंट वारंवार का जाते, याची पुष्कळ उत्तरे असतील, पण त्यांतले हे एक दुरुस्तीच्या हातूनच घडते.

तरीही काका म्हणाले, “ह्यानं गाडी हलल. पण रेस दिली की डावीकडं, ते ह्यानं न्हाई. बाई, ओळंबा हाय का तुमच्याकडं?”

ओळंबा नव्हता, पण दोरा आणि खडू या दोन वस्तू माझ्या पिशवीत नेहमी असतात. दोऱ्याला एक नट बांधला. स्टिअरिंग सरळ करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून ओळंबा सोडून मी शेडच्या फरशीवर खडूने चार फुल्या मारल्या. गाडी ढकलून बाजूला केली आणि टेप लावला. या गाडीच्या पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत २३४० मिलिमीटर अंतर असते. उजवीकडे ते भरले. डावीकडे नऊ मिलिमीटर कमी.

नऊ मिलिमीटर म्हणजे बोटाची रुंदीही नव्हे. पण फरशीवर बसून मी समरूप त्रिकोण काढला: मागची दोन चाके ज्या दिशेला बघत होती ती रेघ शंभर मीटर पुढे नेली, तर जवळजवळ पाऊण मीटर उजवीकडे पडते. म्हणजे मागची चाके गाडीची शेपूट उजवीकडे नेत होती. शेपूट उजवीकडे गेली की तोंड डावीकडे वळणारच. भाजीची हातगाडी ढकलणाऱ्या कोणालाही विचारा.

काका खड्ड्यात उतरले. मागचा आस पाट्यांच्या कमानींवर बसवलेला असतो. पाट्यांच्या मधोमध करंगळीएवढा एक बोल्ट असतो, त्याला सेंटर बोल्ट म्हणतात. त्याचे डोके आसाच्या बैठकीतल्या भोकात बसते आणि आसाला पुढे-मागे सरकू देत नाही. वरून दोन वाकवलेले यू-बोल्ट सगळे आवळून धरतात. डाव्या बाजूचा सेंटर बोल्ट तुटला होता. यू-बोल्ट ढिले होते आणि आस जिथे घासत होता तिथले लोखंड चांदीच्या वाटीसारखे चकाकत होते. रेस दिली की डावे चाक आसासकट पुढे सरकायचे, ब्रेक दाबला की मागे. हायवेवरचा मुलगा त्या दिवशी आस जिथे असेल त्याला जुळतील अशी पुढची चाके लावून द्यायचा, ती अगदी बरोबर लावायचा, आणि दहा दिवसांत आस आपली जागा बदलायचा. मागचा लाल आकडा तो सोडून देई, कारण या गाडीच्या मागच्या चाकांना फिरवायला नटच नाही. ज्याला नट नाही ते बघायचे कशाला?

अण्णा खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. काकांनी तुटका बोल्ट वर दिला. त्यांनी तो तळहातावर फिरवून बघितला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि खिशात टाकला. बोलले काहीच नाहीत.

दुरुस्तीची हकीकत थोडक्यात सांगते. पाटे उतरवून नवा सेंटर बोल्ट आणि नवे यू-बोल्ट घातले. किंग-पिनचे बुश कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर करून आणले. जुन्या गाड्यांच्या मालकांनी त्या उद्यमनगराला वर्षातून एकदा नारळ फोडावा, असे माझे मत आहे. रबरी बुश पुण्यात नाना पेठेत मिळाले, आणि ते दादाने आणले. मी त्याला फोनवर फक्त नाव आणि संख्या सांगितली. “कशाला पाहिजेत?” त्याने विचारले. “भाऊबिजेला येशील तेव्हा सांगते,” म्हटले. एकूण खर्च किती आला ते मात्र लिहीत नाही, कारण हा अंक आमच्या घरीही येतो.

बुश आवळायची वेळ आली तेव्हा काकांनी गाडी चारही चाकांवर खड्ड्यावर उभी केली आणि म्हणाले, “दोघं आत बसा. गाडीला वजन पाहिजे.” मी आणि अण्णा पुढे बसलो. खालून पान्याचा आवाज येत होता. उभ्या गाडीत, समोर चिंचेचे झाड, आणि अण्णांचे हात स्टिअरिंगवर. ते दहा वाजून दहा मिनिटे झाली असताना घड्याळाचे काटे असतात तसे धरतात, आगारात शिकवलेले. मी त्या हातांकडे बघत होते. नखे पिवळी पडली आहेत, शिरा वर आल्या आहेत. पण हात हलत नव्हते. तसे ते उभ्या गाडीत होते, यावरून काही सिद्ध होत नाही, हेही मला कळत होते.

शेवटी टो-इन. काकांकडे यंत्र नाही. टायरच्या मधोमध खडूची रेघ चाक फिरवून काढायची, पुढून दोन रेघांमधले अंतर मोजायचे, मग गाडी पुढेच ढकलून, मागे कधीच नाही, तीच खूण मागच्या बाजूला आणायची आणि पुन्हा मोजायचे. दोहोंतला फरक तोच टो-इन. अडीच मिलिमीटर आला. संगणकाला मी नावे ठेवीत नाही. काकांनीच नंतर गाडी त्याच हायवेवरच्या दुकानात पाठवून कागद काढून घेतला, आणि त्यावर मागचे आकडेही पहिल्यांदाच हिरवे होते. यंत्र पहिल्यापासून खरेच सांगत होते. कागद शेवटपर्यंत वाचायला हवा होता, एवढेच.

भाऊबिजेला दादा आला. सकाळीच मी मुख्याध्यापिकांची परवानगी काढून शाळेच्या मैदानावर फक्की मारून ठेवली होती. दर वर्षी क्रीडास्पर्धांसाठी मैदान आखण्याचे काम माझ्याचकडे असते. शंभर मीटरची एक सरळ रेघ, दोरी ताणून मारलेली. मैदान सपाट, रस्त्यासारखा उतार नाही. दादा म्हणाला, “हे काय काढलंयस?” मी त्याला रेघेच्या त्या टोकाला उभे राहायला सांगितले. आईने कपाटातली किल्ली आणून अण्णांच्या हातात दिली. तिने काहीही विचारले नाही. तिला विचारायचे नव्हतेच.

अण्णांनी डावी चाके बरोबर फक्कीवर घातली. पहिला गिअर, दुसरा, रेस. गाडी रेघेवरून आली. मध्यावर त्यांनी पाय काढला, पुन्हा दिला, आणि शेवटी दादाच्या पुढ्यात चार हातांवर ब्रेक दाबून थांबवली. दादा खाली वाकला. टायरच्या नक्षीवर मधोमध पांढरा पट्टा उमटला होता. त्याने त्यावरून हात फिरवला, पांढरी झालेली बोटे पँटला पुसली आणि मला म्हणाला, “चल, ओवाळणी राहिलीय.”

किल्ली त्या दिवसापासून दारामागच्या खिळ्याला आहे. अण्णांचे हात शाबूत आहेत एवढेच त्या मैदानावर ठरले. डोळ्यांची परीक्षा निराळी. ती अण्णांनी स्वतःच घेतली. दिवेलागणीनंतर ते गाडी काढीत नाहीत, पाऊस असला तरी नाही, आणि पसरणीचा घाट त्यांनी सोडून दिला आहे. घाट सोडल्याचे त्यांनी कोणाला सांगितले नाही. मावशीकडून पाचगणीला जाऊ या, असे आई म्हणाली तेव्हा ते “एस. टी.नं जाऊ” म्हणाले, त्यावरून आम्हांला कळले. दर दोन महिन्यांनी ते किंग-पिनला ग्रीस भरतात आणि मला दोरा धरायला बोलावतात.

पुढच्या पावसाळ्यात दादाचा पुण्याहून फोन आला. त्याची गाडी नवी, तीन वर्षांचीही नाही. माझ्याशी इकडचे तिकडचे बोलला आणि मग म्हणाला, “जरा अण्णांना दे.” मी फोन दिला. अण्णांना कमी ऐकू येते म्हणून तो मोठा लावलेला असतो, त्यामुळे सगळे ऐकू आले.

“अण्णा, माझी गाडी डावीकडे जातेय. परवाच अलाइनमेंट करून आणलीय.”

“रेस दिल्यावर का ब्रेकवर?”

दादा थोडा वेळ गप्प. “बघितलं नाही.”

“मग बघ,” अण्णा म्हणाले, “आन्‌ त्याच्या आधी हवा बघ.”